घरी बसवलेला सायलेन्सर सैल का होतो?

इस्लामपूर : दुचाकीचा गंजलेला सायलेन्सर काढून त्या जागी नवा बसवणे हे वरकरणी अर्ध्या तासाचे काम. इंजिनाच्या तोंडाशी दोन नट, मागे पायदानाजवळ एक बोल्ट आणि मध्ये असलाच तर एखादा क्लॅम्प. पाने घरोघरी असतात, सुटा भाग घरपोच मिळतो आणि गॅरेजची मजुरी वाचते. त्यामुळे रविवारी सकाळी अंगणात गाडी उभी करून हे काम स्वतःच उरकण्याकडे अनेकांचा कल असतो. पहिले काही दिवस सारे सुरळीत चालते. पुढे गतिरोधकावरून जाताना खालून खडखडाट ऐकू येऊ लागतो, वेग कमी करताना फटाका फुटल्यासारखा आवाज होतो आणि एखाद्या दिवशी सायलेन्सर एका बाजूने सुटून रस्त्याला घासू लागतो. नट पुन्हा आवळला जातो. आठवडाभरात तो पुन्हा सैल झालेला असतो.

अशा वेळी दोष नटाला दिला जातो, जास्त जाड नट आणला जातो किंवा सरळ तारेने गुंडाळी केली जाते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा नट निर्दोष असतो. सायलेन्सर बसवताना नळ्या ओढूनताणून जुळवलेल्या असतात आणि तो ताण पुढे नटाला सोसावा लागतो. ही गोष्ट लक्षात न घेता केलेली दुरुस्ती कितीही वेळा केली तरी टिकत नाही. शिवाय हा प्रश्न केवळ आवाजाचा नाही. सैल सायलेन्सरमधून विषारी वायू गळतो, त्याने आग लागू शकते आणि धावत्या दुचाकीचा तोल जाऊ शकतो.

रस्ते, ओझे आणि ऊस

वाळवा तालुक्याचे हे मुख्य ठिकाण पुणे-बंगळूर महामार्गावरील पेठ नाक्यापासून जवळ आहे. राज्य सरकारने जुलै २०२५ मध्ये शहराचे नाव ईश्वरपूर करण्याचा निर्णय जाहीर केला. बोलण्यात मात्र जुने नाव अजून रुळलेले आहे. येथून सांगलीकडे जाणारा पेठ-सांगली रस्ता त्याच्या खड्ड्यांमुळे वर्षानुवर्षे चर्चेत राहिला. त्याच्या चौपदरी काँक्रिटीकरणाचे काम अलीकडच्या वर्षांत हाती घेण्यात आले. तरीही वाहनांची खरी कसोटी मुख्य रस्त्यावर लागत नाही, ती गावातून शिवारात जाणाऱ्या वाटांवर लागते. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी या वाटांवर खोल चाकोऱ्या पडतात आणि दोन चाकोऱ्यांमधला उंचवटा दुचाकीच्या पोटाला लागतो. सायलेन्सर हा दुचाकीचा सर्वात खाली असलेल्या भागांपैकी एक. पहिला मार त्यालाच बसतो.

त्यात ओझे. मागे दोन बाजूंना दुधाच्या किटल्या, कधी वैरणीचा भारा, कधी खताचे पोते. मागचे शॉक अॅब्सॉर्बर दबले की जमिनीपासूनचे अंतर आणखी घटते. कंपनीने ठरवलेल्या मापाचा सायलेन्सर हे गृहीत धरून आखलेला असतो. बाजारातून आणलेला जाडजूड किंवा अधिक लांबीचा सायलेन्सर या हिशेबात बसतोच असे नाही.

आत नेमके काय घडते?

इंजिनात प्रत्येक स्फोटानंतर तापलेला वायू दाबाने बाहेर पडतो. तो तसाच सोडला तर कानठळ्या बसतात. अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या कोलंबस या गावी मिल्टन व मार्शल रीव्ह्ज या बंधूंनी १८९७ मध्ये इंजिनाचा आवाज दाबणाऱ्या अशा उपकरणाचे पेटंट घेतले. त्यानंतर सव्वाशे वर्षांत आतली रचना खूप बदलली, पण तत्त्व फारसे बदललेले नाही. वायूला मोठ्या पोकळीत पसरू द्यायचे, भोकांच्या जाळ्यांतून आणि आडव्या पडद्यांमधून फिरवायचे, त्याचा जोर मोडायचा आणि मग बाहेर सोडायचे.

इंजिनाच्या तोंडापासून निघणाऱ्या वाकड्या नळीला आपल्याकडे बेंड पाइप म्हणतात. तिच्यापुढे मुख्य नळकांडे असते. नव्या गाड्यांमध्ये या दोहोंच्या दरम्यान किंवा नळकांड्याच्या आत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा मौल्यवान धातूंचा पातळ लेप दिलेली ही जाळी घातक वायूंचे तुलनेने निरुपद्रवी वायूंत रूपांतर करते. देशात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ निकष लागू झाले. त्यानंतरच्या पेट्रोल दुचाकींत बेंड पाइपवर ऑक्सिजन सेन्सरही असतो. तो बाहेर पडणाऱ्या वायूतील प्राणवायूचे प्रमाण मोजतो आणि त्यानुसार किती पेट्रोल सोडायचे हे गाडीचा संगणक ठरवतो. म्हणजे जुन्या गाडीचा सायलेन्सर ही फक्त नळी होती, आताच्या गाडीचा सायलेन्सर इंजिनाच्या कारभाराचा भाग झाला आहे. घरी काम करणाऱ्यांच्या नजरेतून हा फरक अनेकदा निसटतो.

उष्णता हा पहिला शत्रू

भार घेऊन चालणाऱ्या पेट्रोल इंजिनातून बाहेर पडणारा वायू तोंडाशी ६०० ते ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेला असू शकतो. मागे जाताना तो निवतो, तरी नळीचा धातू भरपूर तापतो आणि तापलेला धातू लांबतो. एक मीटर लांबीची साध्या पोलादाची नळी सरासरी ३०० अंशांनी तापली तर सुमारे साडेतीन मिलिमीटर वाढते. तीच नळी स्टेनलेस स्टीलची असेल तर वाढ पाच मिलिमीटरच्या घरात जाते. गाडी थांबली की ती पुन्हा आखडते. बाजारात मिळणारे बरेचसे चकचकीत सायलेन्सर स्टेनलेसचे असतात आणि ते ज्या कंसावर बसवायचे तो साध्या लोखंडाचा असतो. दोन्ही धातू वेगवेगळ्या प्रमाणात वाढतात.

हे चार-पाच मिलिमीटर कोठे तरी सामावून घ्यावे लागतात. म्हणून कंपनीच्या रचनेत मागच्या टोकाला रबरी बुश असते, बोल्टाचे भोक किंचित लांबट असते किंवा नळी नळीत सरकण्याची सोय असते. घरी काम करताना ते रबरी बुश जुने दिसते म्हणून फेकले जाते, मधली पोकळी लोखंडी चाक्यांनी भरली जाते आणि बोल्ट गच्च आवळला जातो. मागचे टोक जखडले गेले की लांबणारी नळी पुढे रेटते. रोज सकाळी आणि संध्याकाळी हा रेटा इंजिनाच्या तोंडाशी असलेल्या दोन स्टडवर पडतो. काही दिवसांत एक तर नट ढिला पडतो, नाही तर कंस वेल्डिंगपाशी तडकतो. जोर लावून आवळलेल्या मागच्या बोल्टामुळे पुढचा नट सुटला, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

थरथर हा दुसरा

एकाच सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर सेकंदाला ५० हिसके बसतात. तासाभराच्या प्रवासात ही संख्या १ लाख ८० हजारांवर जाते. बुलेटसारख्या मोठ्या एकसिलिंडरी गाडीत प्रत्येक हिसका जोरकस असतो. जर्मन अभियंता गेरहार्ड युंकर यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दाखवून दिले की, नट सैल होण्यास बोल्टाच्या दिशेने बसणाऱ्या ओढीपेक्षा आडव्या दिशेने होणारी सरक अधिक कारणीभूत असते. जोडलेले दोन भाग एकमेकांवरून केसभर जरी आडवे सरकू लागले, तरी आट्यांमधले घर्षण क्षणाक्षणाला हरवते आणि नट आपोआप उलटा फिरू लागतो.

यावर आपल्याकडचा सर्वपरिचित उपाय म्हणजे स्प्रिंग वॉशर. युंकर यांच्या पद्धतीने घेतलेल्या चाचण्यांत मात्र हे वॉशर अशा आडव्या थरथरीसमोर फारसे टिकत नाहीत असे आढळले आहे. शिवाय बेंड पाइपजवळच्या उष्णतेत त्याचा ताणही मरतो. दुसरा लोकप्रिय उपाय आतून नायलॉनची कडी असलेल्या नटाचा. गाडीच्या इतर भागांसाठी तो उत्तम, पण नायलॉन साधारण १२० अंशांच्या पुढे काम करत नाही. इंजिनाच्या तोंडाशी ही कडी वितळून जाते आणि उरतो तो साधा नट. आटे चिकटवणारे नेहमीचे द्रवही १५० अंशांच्या आसपास हात टेकतात. या जागी संपूर्ण धातूचा लॉक नट किंवा तांब्याचा मुलामा दिलेला नट वापरावा लागतो. हार्डवेअरच्या दुकानात तो नेहमी मिळेलच असे नाही, सुट्या भागांच्या दुकानात मागावा लागतो.

चुका नेमक्या कोठे होतात?

सर्वात जास्त घडणारी चूक गॅस्केटची. इंजिन आणि बेंड पाइप यांच्यामध्ये तांब्याची किंवा धातूमिश्रित कडी असते, तिला काही जण पॅकिंग म्हणतात. ती एकदाच दबण्यासाठी असते. आवळताना ती चेपली जाते आणि दोन्ही पृष्ठभागांतील बारीक खाचा भरून काढते. जुनी, चेपलेली कडी पुन्हा वापरली तर ती आणखी दबत नाही. नट कितीही आवळला तरी फट राहते आणि फटीतून वायू फुसफुसत राहतो. अगदी मामुली किमतीची ही कडी वाचवण्यापायी पुढचा सगळा उपद्व्याप ओढवतो. कधी कधी जुनी कडी इंजिनाच्या तोंडातच अडकून राहिलेली असते आणि काळ्या काजळीमुळे दिसत नाही. तिच्यावर नवी बसवली की दोन कड्यांचा थर तयार होतो व पाइप वाकडा बसतो.

दुसरी चूक क्रमाची. पुढचे नट आधी पूर्ण आवळायचे आणि मग मागचा कंस भोकाशी जुळत नाही म्हणून नळकांडे ओढून, गुडघ्याने दाबून बोल्ट आत घालायचा, हा प्रकार सर्रास चालतो. नळी त्या क्षणापासून ताणलेल्या धनुष्यासारखी होते. योग्य क्रम असा की सर्व नटबोल्ट आधी नुसत्या बोटांनी लावायचे, सायलेन्सर हलवून तो आपोआप जागी बसू द्यायचा, आणि मग इंजिनाकडून मागे येत आवळायचे. तोंडाशी दोन नट असतील तर एक पूर्ण आवळून दुसऱ्याकडे न जाता दोन्ही आळीपाळीने थोडे थोडे आवळायचे असतात. त्यामुळे कडी सर्व बाजूंनी सारखी दबते.

तिसरी गोष्ट जोराची. लांब दांड्याचा पाना घेऊन अंगातले बळ लावले म्हणजे काम पक्के झाले, हा समज चुकीचा आहे. इंजिनाचे डोके अॅल्युमिनियमचे असते आणि त्यात बसवलेला स्टड बेताच्या जाडीचा. अतिजोराने आटे मरतात किंवा स्टड तुटतो. तुटलेला स्टड काढणे हे घरचे काम नव्हे, त्यासाठी ड्रिल मारून नवे आटे पाडणारा कुशल टर्नर लागतो. वाचवलेली मजुरी येथे अनेक पटींनी वसूल होते. किती जोर लावायचा याचा आकडा प्रत्येक गाडीच्या सर्व्हिस पुस्तिकेत दिलेला असतो आणि तो टॉर्क पान्याने मोजून लावतात.

याशिवाय बांधणीची तार, रबरी ट्यूबचे तुकडे, इपॉक्सीची लांबी हे उपाय आहेतच. लांबी घट्ट झाल्यावर दगडासारखी दिसते, पण ती सायलेन्सरची उष्णता सोसण्यासाठी केलेली नसते. ती जळते, धूर सोडते आणि गळून पडते. तार मात्र घरापर्यंत पोहोचण्यापुरती उपयोगी आहे हे मान्य करायला हवे. रस्त्यात सायलेन्सर सुटला तर तो निवेपर्यंत थांबून, तारेने उचलून बांधून सावकाश गॅरेज गाठणे यात गैर काही नाही. वाईट हे की ती तार मग सहा महिने तशीच राहते.

घरी वेल्डिंग करणाऱ्यांनी एक गोष्ट पाळायला हवी. संगणक असलेल्या गाडीवर वेल्डिंग करण्याआधी बॅटरीची जोडणी काढावी लागते. शक्य असेल तर सायलेन्सर उतरवूनच वेल्डिंग करावे. पेट्रोलची टाकी हातभर अंतरावर असताना ठिणग्या उडवणे हे धाडस नव्हे.

गळती कशी ओळखावी?

थंड इंजिन सुरू केल्यानंतर पहिले मिनिटभर ‘टिक टिक’ असा आवाज येतो आणि गाडी तापल्यावर तो कमी होतो, हे तोंडाशी गळती असल्याचे नेहमीचे लक्षण. धातू फुगल्याने फट तात्पुरती बुजते, म्हणून आवाज थांबतो. त्यामुळे ‘आपोआप बरे झाले’ असा गैरसमज होतो. जोडापाशी काळी काजळी पसरलेली दिसली तर शंकेला जागा उरत नाही. वेग कमी करताना येणारे फटाके हे दुसरे लक्षण. फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते, न जळलेले पेट्रोल त्या हवेत मिसळते आणि तापलेल्या नळीत पेट घेते. तरुणांना हा आवाज आवडतो, काही जण मुद्दाम तो काढतातही. अनेक गाड्यांच्या बाबतीत तो ढिल्या जोडाचा पुरावा असतो.

नव्या गाड्यांत याचा परिणाम खिशावरही होतो. सेन्सरच्या आधी गळती असेल तर आत शिरलेल्या हवेतील प्राणवायू सेन्सरला जाणवतो. पेट्रोल कमी पडते आहे असे समजून संगणक ते वाढवतो. गाडीचे सरासरी अंतर घटते, इंजिनाचा दिवा लागतो आणि मालक इंजेक्टर साफ करून घेत बसतो.

तपासणीसाठी महागडे यंत्र लागत नाही. थंड इंजिन सुरू करून जोडांवर साबणाचे पाणी टाकले की गळतीच्या जागी बुडबुडे येतात. जोड तापायच्या आत हे करायचे. तापलेल्या नळीवर पाणी टाकू नये. तसेच गळती शोधण्यासाठी कधीही हात लावून पाहू नये. सायलेन्सरचा चटका पोटरीला बसणे ही दुचाकीच्या मागच्या आसनावर बसणाऱ्यांच्या नेहमीच्या अनुभवातली गोष्ट आहे. घरी बसवलेल्या अनेक सायलेन्सरवर कंपनीची उष्णतारोधक पट्टी परत लावलेलीच नसते, आणि लहान मुले व साडी नेसलेल्या महिला यांना तिची सर्वाधिक गरज असते.

न दिसणारा धोका

दुचाकीवर वायू मोकळ्या हवेत विरतो. मोटारीत तसे होत नाही. मोटारीचा सायलेन्सर गाडीच्या पोटाखाली रबरी कड्यांवर लोंबकळत ठेवलेला असतो. तो मुद्दामच हलता असतो. कडी तुटली की तो तारेने घट्ट बांधण्याची प्रथा आहे. तार थरथर सरळ गाडीच्या सांगाड्यात पोहोचवते आणि पुढचा लवचिक जोड फाटतो. तेथून निघणारा वायू आसनाखालच्या भोकांतून, मागच्या दाराच्या झिजलेल्या रबरातून आत येऊ शकतो.

या वायूतील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या तुलनेत २०० हून अधिक पटींनी घट्ट बांधला जातो. डोके जड होणे, मळमळ, गरगरणे ही सुरुवातीची लक्षणे आणि नेमकी हीच लक्षणे घाटातल्या प्रवासात ‘गाडी लागली’ म्हणून सोडून दिली जातात. काचा बंद करून वातानुकूलन सुरू असताना गाडीतील एकापेक्षा अधिक लोकांना एकाच वेळी असे वाटू लागले, तर गाडी थांबवून दारे उघडून बाहेर पडणे हेच पहिले काम. शटर ओढलेल्या गाळ्यात किंवा बंद गोठ्यात इंजिन चालू ठेवून सायलेन्सरची चाचणी घेणे तर जिवावर बेतू शकते.

कृष्णाकाठच्या जुन्या शेतकऱ्यांना ही गोष्ट वेगळ्या संदर्भात ठाऊक होती. गावोगावी वीज पोहोचण्यापूर्वी विहिरीवर आणि नदीकाठी डिझेलचे ऑइल इंजिन असे. त्याच्या खोपीत धुराड्याची नळी भिंतीतून बाहेर काढल्याशिवाय इंजिन सुरू करायचे नाही, हा दंडक होता.

मोटारींच्या बाबतीत आणखी एक प्रकार पाहायला मिळाला. पॅलेडियमसारख्या धातूंचे भाव वाढल्यानंतर २०२० च्या पुढील वर्षांत राज्यातील अनेक शहरांतून ईको गाड्यांचे सायलेन्सर चोरीला गेल्याच्या घटना घडल्या. चोरांना हवी होती ती आतली जाळी. कंपनीचा नवा सायलेन्सर महाग, म्हणून जुना किंवा जाळीविना नळकांडे जोडून गाडी चालवण्याचा मोह होतो. पण मापात न बसणारे नळकांडे बसवले की जोड सैल होण्याची रडकथा येथूनच सुरू होते.

पाचट आणि ठिणगी

ऊस तोडल्यानंतर शेतात व बांधावर वाळलेले पाचट पसरलेले असते. लोंबकळणारा सायलेन्सर दगडावर किंवा डांबरावर घासला की ठिणग्या उडतात. नुसता तापलेला सायलेन्सरही वाळलेल्या पाचटाला टेकला तर ते धुमसू लागते. गाडी लावताना जागा पाहून लावण्याची सवय या भागात म्हणूनच गरजेची आहे. सैल सायलेन्सर पेट्रोलच्या नळीकडे सरकला तर धोका आणखी वाढतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११३ नुसार धुराड्याची नळी इंधनाच्या नळीपासून ३५ मिलिमीटरच्या आत असता कामा नये. घरी सायलेन्सर बसवल्यावर हे अंतर पट्टीने मोजून पाहणारे विरळाच.

ट्रॅक्टरचे धुराडे बहुधा उभे असते. त्यावरचे झाकण निघाले की पावसाचे पाणी आत जाते, आतून गंज चढतो आणि बुडाशी असलेला जोड खातो. बाहेरून रंग शाबूत दिसत असल्याने हे कळत नाही. धुराडे काढून टाकल्याने ट्रॅक्टरला ताकद येते, हा समज ऊस वाहतुकीत बऱ्यापैकी पसरलेला आहे. आवाज वाढतो, त्यामुळे तसे वाटते. दुचाकीच्या आतले पडदे कापून काढणाऱ्यांचेही तसेच. जुन्या दोन-स्ट्रोक गाड्यांमध्ये तर नळकांड्याचा आकारच इंजिनाची ताकद ठरवत असे. तो बिघडवला की गाडी नुसतीच ओरडायची.

कायदा काय सांगतो?

नियम १२० प्रमाणे शेतीच्या ट्रॅक्टरसह प्रत्येक मोटार वाहनाला सायलेन्सर बंधनकारक आहे. नियम ११२ नुसार वायू मागे किंवा उजवीकडे सोडावा लागतो, खाली किंवा डावीकडे नाही. सुटून खाली झुकलेला सायलेन्सर या नियमाचाही भंग करतो. नव्या दुचाकींच्या आवाजाची मर्यादा ८० सीसीपर्यंत ७५ डेसिबल, ८० ते १७५ सीसीसाठी ७७ आणि त्यावरील गाड्यांसाठी ८० डेसिबल अशी आखून दिलेली आहे. ही चाचणी कारखान्यातील मंजुरीच्या वेळी ठराविक अंतरावरून होते.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनात मूळ रचनेपेक्षा वेगळे बदल करण्यास मनाई आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात ही भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगीविना केलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार रुपये दंड अथवा दोन्हींची तरतूद झाली. आवाज व हवेच्या प्रदूषणाबाबत कलम १९० खाली पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड, शिवाय तीन महिने परवाना अपात्र ठरण्याची तरतूद आहे. जप्त केलेले कर्णकर्कश सायलेन्सर रोलरखाली चिरडण्याची कारवाई राज्यातील अनेक शहरांच्या पोलिसांनी केली आहे.

येथे एक फरक समजून घ्यायला हवा. कंपनीच्या मूळ नमुन्याचाच सायलेन्सर स्वतःच्या हाताने बदलणे हा गुन्हा नाही. गुन्हा आहे तो मूळ रचना बदलणे. पण घरी बसवलेला, कंपनीचाच सायलेन्सर सैल होऊन मोठा आवाज करू लागला तर तपासणीत ‘मूळ भाग आहे’ हे सांगणे पुरेसे ठरेलच असे नाही. विम्याचा दावा करतानाही न कळवलेला बदल अडचणीचा ठरू शकतो.

बसवल्यानंतरचे काम

सायलेन्सर बसवला की काम संपत नाही, हे घरी काम करणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. नवी कडी पहिल्या काही वेळा तापून निवताना आणखी थोडी दबते. त्यामुळे आधी बरोबर आवळलेला नटही किंचित सैल पडतो. हा दोष नाही, जोड बसण्याची ती प्रक्रिया आहे. म्हणून साधारण ८० ते १०० किलोमीटर चालल्यावर, इंजिन पूर्ण निवल्यानंतर, सर्व नट पुन्हा त्याच क्रमाने तपासायचे असतात. गॅरेजवाला ‘आठवड्याने गाडी दाखवून जा’ म्हणतो ते यासाठीच. त्याच वेळी नटाच्या एका बाजूपासून शेजारच्या धातूपर्यंत उष्णता सोसणाऱ्या रंगाची एक रेघ ओढून ठेवली तर पुढे नट फिरला की रेघ तुटलेली दिसते. पाना न लावता, गाडी धुताना नुसत्या नजरेने तपासणी होते.

पावसाळा संपल्यावर एकदा आणि गळीत हंगाम संपल्यावर एकदा कंसाचे वेल्डिंग, रबरी बुश आणि नळकांड्याची खालची बाजू पाहून घ्यावी. बहुतेक नळकांड्यांच्या बुडाशी एक बारीक छिद्र असते. इंजिन चालताना तयार होणारे पाणी त्यातून ठिबकते. थंडीत सकाळी गाडी सुरू केल्यावर मागे दिसणारे थेंब त्याचेच. गळती समजून हे छिद्र लांबी किंवा वेल्डिंगने बुजवले जाते, मग पाणी आत साठते आणि नळकांडे आतून गंजून एक-दोन पावसाळ्यांत कंसापासून सुटते.